विषाणूजन्य काविळीत यकृताच्या पेशी मरतात की मारल्या जातात?

सुरंगी_रत्नागिरी

एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला ‘विषाणू आणि नियोजित पेशीमृत्यू’ हा भाग शिकवायचा आहे. उदाहरण हिपॅटायटिसचंच घेतेय, कारण पावसाळा लागला की आपल्याकडे काविळीचा विषय घरोघरी निघतो आणि मुलांना तो जवळचा वाटतो. पण टिपणं काढताना काही गाठी सुटत नाहीयेत.

बहुतेक टिपणांत ‘विषाणू शिरतो, वाढतो, पेशी फुटते’ असं सरधोपट लिहिलेलं असतं. तसं असेल तर हिपॅटायटिस बी असलेल्या कित्येकांच्या रक्तात मिलिलिटरला कोट्यवधी विषाणू असूनही एएलटी (यकृतपेशींना इजा झाली की रक्तात गळणारं एन्झाइम) वर्षानुवर्षं नॉर्मल कसं राहतं? दुसरं, ॲपॉप्टोसिस (हाच नियोजित पेशीमृत्यू) म्हणजे गाजावाजा न करता झालेला मृत्यू, त्यात दाह होत नाही, असं प्रत्येक पुस्तक सांगतं. मग यकृतात एवढा दाह आणि पुढे फायब्रोसिस (व्रणासारखे तंतू साठणं) येतो कुठून? आणि तिसरा प्रश्न मुलं हमखास विचारतात: कास्पेज (ॲपॉप्टोसिस घडवणारी, प्रथिनं कापणारी एन्झाइमं) रोखणारं औषध देऊन पेशी वाचवता येत नाहीत का?

शिवाय एखादं प्रात्यक्षिक बसवायचं आहे. फ्लो सायटोमीटर नाही, फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप आहे.

---

खाडीकाठ

तिन्ही गाठी एकाच दोऱ्याला आहेत. हिपॅटायटिस बी आणि सीचे विषाणू स्वतः फारसे पेशीमारक नाहीत. मारतो तो आपलाच बंदोबस्त. हिपॅटायटिस बीचा सर्वांत सोपा पुरावा प्रयोगशाळेतच मिळतो: हेपजी२.२.१५ ही पेशीवाण (प्रयोगशाळेत सतत वाढवलेल्या यकृतपेशी) दिवसरात्र हिपॅटायटिस बीचे विषाणू बाहेर सोडते आणि तरीही सुखाने वाढत राहते. तिला मारायला टी-पेशीच तिथे नाहीत. दुसरा पुरावा वयाचा. जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्क्यांत संसर्ग कायमचा राहतो, आणि त्या बाळांना कावीळ बहुधा होतच नाही. धडधाकट प्रौढाला लागण झाली तर ५ टक्क्यांहून कमी जणांत तो टिकतो, पण कावीळ होते ती याच वयात. विषाणू तोच आहे, फरक झुंजणाऱ्याचा आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

आता मारतात कसं. सीडी-८ टी-पेशीकडे (लागण झालेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशीकडे) दोन हत्यारं असतात. एक म्हणजे परफोरिन आणि ग्रॅन्झाइम, भोक पाडणारं प्रथिन आणि आत शिरून मारणारं एन्झाइम. दुसरं म्हणजे तिच्या पृष्ठभागावरचं फास लिगँड. यकृतपेशीवर फास हा ग्राहक मुबलक असतो, आणि इथे ती फार हळवी आहे. १९९३ साली उंदरांना फासविरुद्धची अँटिबॉडी टोचली तेव्हा ते काही तासांत यकृत निकामी होऊन मेले. फासला चिथावणी मिळाली की आतल्या बाजूला फॅड हे प्रथिन येऊन चिकटतं, त्यावर प्रोकास्पेज-८ जमतं आणि सक्रिय होतं. लिम्फोसाइटमध्ये एवढं पुरतं. कास्पेज-८ सरळ कास्पेज-३ला कापतं आणि खेळ संपतो. यकृतपेशीत मात्र कास्पेज-३च्या दाराला एक्सआयएपी नावाचा अडसर लावलेला असतो. तो काढायला आडवाटेनं जावं लागतं: कास्पेज-८ बिड या प्रथिनाला कापतं, तुटलेलं बिड मायटोकाँड्रियावर जातं, बॅक्स आणि बॅक तिथल्या बाह्य आवरणाला भोकं पाडतात, आणि आतून सायटोक्रोम-सी व स्मॅक बाहेर पडतात. स्मॅक अडसर काढतो, सायटोक्रोम-सी ॲपाफ-१ला धरून कास्पेज-९ चालू करतं. म्हणून १९९९ साली बिड नसलेले उंदीर त्याच फास-अँटिबॉडीतून वाचले. आणि २००९ साली दाखवलं गेलं की एक्सआयएपीच काढून टाकलं तर यकृतपेशीला बिडची गरज उरत नाही. फळ्यावर काढताना ही आडवाट नक्की काढा. लिम्फोसाइटचा नकाशा यकृताला तसाच चिकटवणं ही नेहमीची चूक आहे.

टीएनएफ या दाह भडकवणाऱ्या प्रथिनाचं उलटं. नुसत्या टीएनएफने निरोगी यकृतपेशी मरत नाही, कारण त्याच ग्राहकातून एनएफ-कॅपा-बी जागा होतो आणि जगवणारी प्रथिनं बनवतो. ती बनू दिली नाहीत तरच मरण येतं. उंदरांत डी-गॅलॅक्टोसामीन देऊन हेच करतात. तुमच्या प्रात्यक्षिकाला हा धागा उपयोगी पडेल.

तिसरा मारेकरी टिपणांतून सहसा सुटतो: एनके पेशी (नैसर्गिक मारेकरी पेशी). जुनाट हिपॅटायटिस बीमध्ये मधूनच एएलटी उसळतं. त्या उसळीत एनके पेशींवर ट्रेल हे मारक प्रथिन वाढलेलं असतं आणि यकृतपेशींवर त्याचा ग्राहकही वाढलेला असतो, हे २००७ साली दाखवलं गेलं. या पेशी विषाणू ओळखून नेम धरत नाहीत. म्हणजे उसळीतलं सगळं मरण विषाणूच्या सफाईसाठी असतंच असं नाही. सफाई न करता झालेली नासधूसही त्यात आहे.

आणि उलट बाजू: मारल्याशिवायही सफाई होते. १९९९ साली चिंपांझींत दिसलं की तीव्र हिपॅटायटिस बीमध्ये विषाणूचा डीएनए यकृतातून आणि रक्तातून बराचसा नाहीसा होतो तो यकृताची मुख्य इजा सुरू होण्याच्या आधीच. इंटरफेरॉन-गॅमा आणि टीएनएफ ही संदेशवाहक प्रथिनं पेशी जिवंत ठेवून आतली विषाणूची गिरणी बंद पाडतात. केंद्रकात बसलेला सीसीसीडीएनए (विषाणूचा टिकून राहणारा गोलाकार डीएनए) मात्र एवढ्याने पुरता जात नाही. त्यासाठी थोड्या पेशी मराव्या लागतात आणि त्यांच्या जागी नव्या याव्या लागतात.

‘शांत मृत्यू’बद्दल: शांत राहतो तो मोजका असेल तोवर. यकृतातल्या कुप्फर नावाच्या सफाई पेशी येऊन तुकडे गिळतात, आवरण फुटण्याआधीच. मरणाऱ्यांची संख्या गिळण्याच्या वेगापुढे गेली की न उचललेल्या पेशीचं आवरण शेवटी फाटतंच, आणि मग आतला माल बाहेर सांडतो. याला दुय्यम नेक्रोसिस म्हणतात (नेक्रोसिस म्हणजे आवरण फुटून होणारं मरण). एवढ्यावर थांबत नाही. २००३च्या सुमाराच्या प्रयोगांत दिसलं की हे तुकडे गिळलेल्या कुप्फर पेशी स्वतःच फास लिगँड आणि टीएनएफ बनवू लागतात. स्टेलेट पेशींनी तेच तुकडे गिळले की त्या जाग्या होतात, टीजीएफ-बीटा आणि कोलॅजन बनवायला लागतात. व्रण पडायची सुरुवात तिथे आहे. तेव्हा ‘ॲपॉप्टोसिसने दाह होत नाही’ हे वाक्य गर्भातल्या बोटांमधल्या पडद्यासाठी खरं, तीस वर्षं चाललेल्या हिपॅटायटिस सीसाठी नाही.

औषधाचं. एमरिकासन हे सगळी कास्पेज रोखणारं औषध तोंडावाटे देऊन पाहिलं गेलं. हिपॅटायटिस सीमध्ये २००७च्या चाचणीत एएलटी आणि त्याचं जोडीदार एन्झाइम एएसटी खरोखर उतरलं. लोकांना आशा वाटली. पुढे चरबीमुळे होणाऱ्या यकृतदाहात ७२ आठवडे देऊन बायोप्सी केल्या, तेव्हा २०२० साली निकाल आला: फायब्रोसिस सुधारला नाही, उलट काहींत बिघडला असावा. एक दार बंद केलं की पेशी दुसऱ्या दाराने मरते, हे त्याचं एक स्पष्टीकरण. विषाणू असलेल्या यकृतात आणखी एक पेच आहे: लागण झालेली पेशी वाचवली तर विषाणूचं घरही वाचतं. म्हणून काहींनी उलटा डाव टाकला. स्मॅकची नक्कल करणारं बिरिनापंट हे औषध उंदरांना दिलं, तेव्हा विषाणू असलेल्या पेशी निवडून मेल्या आणि हिपॅटायटिस बी साफ झाला (२०१५). उंदरांत. माणसासाठीचा उपचार म्हणून ते आजही हातात नाही.

मुलांना शेवटी हेही सांगा की मरतात त्या फक्त यकृतपेशी नव्हेत. जुनाट हिपॅटायटिस बीमध्ये विषाणूला ओळखणाऱ्या सीडी-८ पेशीच बिम या प्रथिनामार्फत ॲपॉप्टोसिसने संपतात. शिपाईच खपले की विषाणूला रान मोकळं.

---

कातळसडा_चिपळूण

वरचं सगळं मान्य. स्लाइडवर हे कसं दिसतं ते लिहितो, कारण मुलांना चित्र लागतं.

हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या रंगांत मरणारी यकृतपेशी आक्रसते, कडेच्या पेशींपासून सुटते, भोवती पांढरं कडं येतं, आणि गर गडद गुलाबी होतो. केंद्रक घट्ट काळा ठिपका किंवा दोन-तीन ठिपके, कधी अजिबात नाही. हीच कौन्सिलमन बॉडी. मूळ वर्णन पीतज्वराचं आहे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं. म्हणजे ‘ॲपॉप्टोसिस’ हा शब्द यायच्या (१९७२) कितीतरी आधी पॅथॉलॉजिस्टनी तो पाहून ठेवला होता. आणि त्या शब्दाचा जन्मही बऱ्याच अंशी यकृतातलाच. कर यांनी उंदरांच्या यकृताची एक रक्तवाहिनी बांधून आक्रसून मरणाऱ्या पेशी पाहिल्या, त्यांना आधी ‘आक्रसणारा नेक्रोसिस’ म्हटलं, मग वायली आणि करी यांच्याबरोबर नवं नाव दिलं.

नावांचा गोंधळ आणखी एके ठिकाणी आहे. जुन्या रिपोर्टात ‘पीसमील नेक्रोसिस’ लिहिलेलं असायचं. आता इंटरफेस हिपॅटायटिस म्हणतात, कारण तिथलं मरण मुख्यतः ॲपॉप्टोसिसचं आहे. आणि ‘ग्राउंड ग्लास’ पेशी, म्हणजे ज्यांचा गर दळलेल्या काचेसारखा दिसतो, त्या मरणाऱ्या नव्हेत. एचबीएसएजीने (हिपॅटायटिस बीच्या आवरणातल्या प्रथिनाने) ठासून भरलेल्या, पण जिवंत. विद्यार्थी दोन्हीला ‘गुलाबी पेशी’ म्हणून एकच खूण करतात.

मोजायचं कसं? इशाक पद्धतीत (१९९५) दहाच्या ऑब्जेक्टिव्हखाली एका क्षेत्रात अशा जागा मोजतात: एक किंवा कमी असेल तर १ गुण, दोन ते चारला २, पाच ते दहाला ३, त्यापुढे ४. मात्र कमी दिसल्या म्हणून कमी मरतात असं समजू नका. उंदराच्या यकृतात मरणारी पेशी मायक्रोस्कोपखाली ओळखू येते ती साधारण तीन तास, मग गिळली जाते. हिशेब करून बघा. हजारात एक पेशी मरताना दिसली, आणि दिसण्याची मुदत तीन तास, तर दिवसात हजारी आठ. चार महिन्यांत अख्ख्या यकृताएवढ्या पेशी बदलल्या. हा ढोबळ हिशेब आहे, माणसात मुदत वेगळी असू शकते, पण स्लाइडवरची ‘एखाददुसरी’ कौन्सिलमन बॉडी किरकोळ नसते हे त्यातून कळतं. आणि इतक्या वेगाने पेशी नव्या कराव्या लागल्या की विभाजनात चुका साठतात. उंदरांच्या यकृतपेशींतून एमसीएल-१ हे जगवणारं प्रथिन काढलं तर विषाणूशिवायही पुढे यकृताचा कर्करोग झाला. जास्त मरण म्हणजे कर्करोग कमी, हा अंदाज इथे फसतो.

आपल्या हवेतली एक अडचण. बायोप्सीचा तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये टाका, तुकड्याच्या निदान दहापट. मे महिन्यात अर्धा-पाऊण तास सलाइनमध्ये पडून राहिलेल्या तुकड्यात पेशी आपोआप कुजू लागतात, आणि ट्यूनेल केलं तर सगळीकडे ‘ॲपॉप्टोसिस’ उजळतो. तो खरा नव्हे. ट्यूनेल डीएनएची तुटकी टोकं रंगवतं. ती कशामुळे तुटली हे त्याला कळत नाही. नेक्रोसिसमध्येही तुटतात, कुजतानाही तुटतात, प्रोटिनेज-के (तुकडा सैल करायला घालतात ते एन्झाइम) जास्त वेळ राहिलं तरी तुटल्यासारखी दिसतात. प्रोटिनेज-के २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, दहा-पंधरा मिनिटं, त्यापुढे नाही. एका स्लाइडला डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) लावून सगळं उजळतं ना ते पाहायचं, दुसरीत टोकांना रंग जोडणारं टीडीटी एन्झाइम न घालता काहीच उजळत नाही ना ते. आणि जोडीला कापलेल्या कास्पेज-३ची अँटिबॉडी लावा. दोन्ही जिथे जुळतात तेवढंच मोजा.

बफर फॉर्मॅलिन घरी करत असाल तर: ४० टक्क्यांचं फॉर्मॅल्डिहाइड १०० मिलि, पाणी ९०० मिलि, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. जुलैत हा निर्जल क्षार ओल धरतो, वजन चुकतं, पीएच घसरतं. आम्लधर्मी फॉर्मॅलिनने स्लाइडवर तपकिरी-काळे कण येतात आणि नवशिके त्यांना केंद्रकाचे तुकडे समजतात. पीएच ७च्या आसपास आहे ना, एवढं पट्टीने बघून घ्या.

---

दशावतारी

ह्यां सगळा बरां आसा, पण माका एक सांगा. बायोप्सी केल्याशिवाय रगतात ह्यां मोजूक येता काय?

---

खाडीकाठ

येता, पण रोजच्या लॅबमध्ये नाय. यकृतपेशीच्या सांगाड्यात सायटोकेरॅटिन-१८ असतं. कास्पेज त्याला ३९६व्या ॲस्पार्टिक आम्लापाशी कापतं. एम३० ही अँटिबॉडी फक्त त्या कापलेल्या टोकाला धरते, एम६५ कापलेलं-न कापलेलं सगळं धरते. म्हणून एम३०चं एम६५शी प्रमाण जास्त असेल तर मरण ॲपॉप्टोसिसकडे झुकलेलं, एम६५च भरमसाट असेल तर नेक्रोसिसकडे. हिपॅटायटिस सीमध्ये एएलटी नॉर्मल असलेल्या काही रुग्णांतही ही कापाकापी वाढलेली सापडली आहे. खोट एवढीच की सायटोकेरॅटिन-१८ आतड्यातही असतं, कित्येक गाठींतही असतं. दुसरीकडचं काही चालू असेल तर आकडा यकृताच्या नावावर खपतो. संशोधनाला चांगलं, एकट्यादुकट्या रुग्णाचा निर्णय त्यावर नको.

---

पाणंद_कुडाळ

वॉर्डाच्या बाजूने थोडं.

तुमच्या मुलांना आधी हे सांगा की कावीळ आणि पेशीमृत्यू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोकणात तर हे सांगायलाच हवं, कारण भातलावणीच्या दिवसांत पिवळे डोळे घेऊन येणारा माणूस हिपॅटायटिसचाच असेल असं नाही, लेप्टोचाही असतो. लेप्टोस्पायरोसिसमध्ये बिलिरुबिन (कावीळ आणणारं पिवळं द्रव्य) २०वर गेलेलं असतं आणि एएलटी बहुधा २००च्या आतच. कारण तिथे यकृतपेशी फारशा मरतच नाहीत. हॅमस्टरवरच्या अभ्यासात दिसलं की जंतू पेशी-पेशींच्या सांध्यात घुसतात, सांधे सुटतात, पित्त गळून रक्तात येतं. पोटऱ्या दुखणं, लाल डोळे, वाढलेलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची खूण) आणि सीपीके (स्नायूंच्या इजेची खूण), उतरलेल्या प्लेटलेट्स, हे पाहिलं की हिपॅटायटिसच्या रिपोर्टची वाट न बघता लेप्टोचे उपचार सुरू करायचे. विषाणूजन्य तीव्र हिपॅटायटिसमध्ये चित्र उलटं: एएलटी हजारात, क्रिएटिनिन बहुधा ठीक. डेंगीत एएसटी एएलटीपेक्षा जास्त. एकाच ‘काविळी’खाली पेशींचं मरण, सांध्यांचं सुटणं आणि नळीतला खडा, तिन्ही येतात.

दुसरं, एएलटीचा आकडा म्हणजे किती पेशी मेल्या याचा नव्हे, गेल्या दोन-चार दिवसांत किती गळती झाली याचा. एएलटीचा अर्धायुकाल सुमारे ४७ तास, एएसटीचा सुमारे १७. गळती पूर्ण थांबली तर २००० एएलटी सहा दिवसांत अडीचशेवर येतं. नातेवाईक म्हणतात, ‘उतरलं, बरं वाटतंय.’ पण आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर होतो त्याचं माप) चढत असेल, साखर पडत असेल, माणूस दिवसा झोपून रात्री जागत असेल, तर एएलटी उतरलंय ते मरायला पेशी उरल्या नाहीत म्हणून. बिलिरुबिनवर विसंबू नका, बरं होतानाही ते काही दिवस मागे रेंगाळतं. आयएनआर बोलतो, कारण यकृतात बनणाऱ्या फॅक्टर-७ या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा अर्धायुकाल चार ते सहा तासच आहे. व्हिटॅमिन-के १० मि.ग्रॅ. शिरेतून देऊनही आयएनआर १.५च्या वरच राहिला आणि वागण्यात बदल दिसला, तर ते तीव्र यकृतनिकामीपण समजून प्रत्यारोपणाची सोय असलेल्या ठिकाणी बोलणं सुरू करायचं. इथून मुंबई ४५० किलोमीटरच्या पुढे, पुण्याला जायचं तर घाट चढून. रुग्ण बेशुद्ध झाल्यावर निघणं म्हणजे उशीर. गरोदर बाईला हिपॅटायटिस ई असेल तर तर आणखीच लवकर. शेवटच्या तिमाहीत मृत्यूचं प्रमाण १५ ते २५ टक्क्यांपर्यंत नोंदलेलं आहे.

तिसरं, खाडीकाठ यांनी लिहिलेला ‘आपलाच बंदोबस्त’ वॉर्डात सगळ्यांत उघडा पडतो तो स्टेरॉइड किंवा रिटक्सिमॅबसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधानंतर. औषधाने प्रतिकारपेशी गप्प, विषाणू मोकाट वाढतो, एएलटी नॉर्मल. औषध बंद केलं किंवा कमी केलं की पेशी जाग्या होतात, समोर विषाणूने भरलेलं यकृत, आणि एकदम कत्तल. म्हणून प्रेडनिसोलोन १० मि.ग्रॅ. किंवा जास्त, चार आठवड्यांहून अधिक द्यायचं असेल, किंवा केमोथेरपी ठरली असेल, तर आधी एचबीएसएजी आणि अँटि-एचबीसी (पूर्वी लागण होऊन गेल्याचीही खूण देणारी अँटिबॉडी) दोन्ही तपासा. नुसतं एचबीएसएजी पुरत नाही. धोका असेल तर विषाणूरोधक एंटेकॅव्हिर ०.५ मि.ग्रॅ. किंवा टेनोफोव्हिर ३०० मि.ग्रॅ. रोज, स्टेरॉइडच्या आधीपासून, आणि स्टेरॉइड संपल्यावरही महिनोन् महिने. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून मध्येच सोडलेली गोळी हे कत्तलीचं नेहमीचं कारण.

भुईआवळीचं कोणीतरी विचारेलच, म्हणून आधीच: १९८८ साली ती घेतल्यावर एचबीएसएजी निघून गेल्याचा एक गाजलेला निष्कर्ष आला होता, नंतरच्या चाचण्यांत तो टिकला नाही. गुळवेलीचा काढा मात्र काविळीत नकोच. तिच्याने यकृतदाह झाल्याचे रुग्ण मुंबईतून २०२१ साली नोंदले गेले आहेत.

---

तिसऱ्या_मुळे

खाडीकाठ, एक भर आणि एक तक्रार. तुम्ही हिपॅटायटिस ए पूर्ण गाळलात. तिथे ‘मारेकरी टी-पेशी’ हे चित्र निदान उंदरांत तरी मोडतं. २०१६च्या प्रयोगात इंटरफेरॉनचा ग्राहक नसलेल्या उंदरांना हिपॅटायटिस ए झाला. सीडी-८ पेशी काढून टाकल्या तरी यकृतपेशी मरतच राहिल्या. मॅव्हस हे प्रथिन नसलेल्या उंदरांत मात्र विषाणू वाढला आणि यकृत धड राहिलं. म्हणजे विषाणूचा आरएनए ओळखणाऱ्या मॅव्हसने आयआरएफ-३मार्फत पेशीला आतूनच आत्मनाशाचा हुकूम दिला. टी-पेशी नाही, फास नाही.

---

खाडीकाठ

तक्रार रास्त आहे. पण माणसाला लावताना एक पाचर आहे. माणसाच्या पेशीत हिपॅटायटिस एचं प्रोटिएज (प्रथिनं कापणारं एन्झाइम) मॅव्हसलाच कापून टाकतं, उंदराच्या पेशीत त्याला ते जमत नाही. हिपॅटायटिस सीचं एनएस३/४ए हेच करतं, तेही मॅव्हस कापतं. तेव्हा माणसात त्या आतल्या हुकमाचा वाटा किती आणि टी-पेशींचा किती, हे उंदरावरून ठरवू नये. ‘हिपॅटायटिसमध्ये असं असतं’ हे वाक्यच टाळा. ए, बी, सी, ई ही चार वेगवेगळ्या कुळांतली मंडळी आहेत, फक्त वस्ती एका अवयवात.

---

तिसऱ्या_मुळे

मान्य, पाचर ठेवतो.

आपल्या किनाऱ्यापुरती एक अवांतर गोष्ट, नावाला जागून. तिसऱ्या आणि कालवं पाणी गाळून खातात, त्या पाण्यात मैला असेल तर हिपॅटायटिस ए त्यांच्यात साठतो. १९८८ साली शांघायमध्ये अर्धवट शिजवलेल्या शिंपल्यांतून सुमारे तीन लाख लोकांना लागण झाली होती. शिंपली उघडली म्हणजे शिजली, ही समजूत चुकीची. आतल्या मांसाला ९० अंश सेल्सिअस तापमान दीड मिनिट मिळायला हवं. म्हणजे तोंड उघडल्यावरही झाकण ठेवून उकळत राहू द्या.

---

सुरंगी_रत्नागिरी

सगळ्यांचे आभार, तासाचा आराखडा बदलला. आता प्रात्यक्षिक. हेपजी२ या यकृतपेशी पुण्याच्या एनसीसीएस या पेशीवाणी पुरवणाऱ्या संस्थेतून मागवता येतील. ॲनेक्सिन (मरणाऱ्या पेशीच्या पृष्ठभागाला चिकटणारं प्रथिन) किट घेऊ की साध्या रंगांवर भागेल? एचबीएक्स या हिपॅटायटिस बीच्या प्रथिनाचा प्लाझ्मिड घालून पेशी मारून दाखवायचा विचार होता.

---

खाडीकाठ

एचबीएक्सचा नाद सोडा. जास्त प्रमाणात बनवलं की ते पेशी मारतं, कमी बनवलं की वाचवतं, पेशीवाण बदलली की निकाल उलटतो. छापलेले निष्कर्षच दोन्ही बाजूंचे आहेत. शिवाय हेपजी२मध्ये पी५३ (बिघडलेल्या पेशीला मरायला लावणारं प्रथिन) धड आहे, हूह७ या दुसऱ्या यकृतपेशीवाणीत बिघडलेलं. एम.एस्सी.च्या तीन तासांत हे निस्तरणार नाही.

त्यापेक्षा टीएनएफचा प्रयोग लावा, कथा पूर्ण सांगतो. चार विहिरी: काहीच नाही, नुसता टीएनएफ २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, नुसतं ॲक्टिनोमायसिन-डी (जगवणारी नवी प्रथिनं बनू न देणारं) ०.२ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, आणि दोन्ही. पाचवीत दोन्ही घालायच्या अर्धा तास आधी झेड-व्हॅड (कास्पेज रोखणारं रसायन) २० मायक्रोमोलर. डीएमएसओ (औषध विरघळवायचं द्रावक) सर्व विहिरींत सारखं, ०.१ टक्क्याच्या आसपास, नाहीतर मुलं डीएमएसओचं मरण टीएनएफच्या नावावर मांडतील. १२ ते १८ तास. रात्री लावून सकाळी बघा, पण इन्व्हर्टरवर इन्क्युबेटर चालतो का हे आधी तपासा. लाइट जाऊन पेशी थंड पडल्या की सगळ्याच विहिरी बिघडतात.

नुसत्या टीएनएफला फार काही होणार नाही, नुसत्या ॲक्टिनोमायसिनला थोडं, दोन्ही मिळून खूप. एनएफ-कॅपा-बी जगवतो म्हणजे काय ते डोळ्यांना दिसतं. झेड-व्हॅडने मरण बरंच थांबायला हवं, कारण हेपजी२मध्ये नेक्रॉप्टोसिसला (कास्पेजशिवाय होणाऱ्या नियोजित नेक्रोसिसला) लागणारं आरआयपीके-३ जवळजवळ नसतं. जमलं तर शेजारी उंदराच्या एल९२९ पेशी लावा. तिथे टीएनएफबरोबर झेड-व्हॅड घातलं की पेशी वाचायच्या ऐवजी जास्तच मरतात, नेक्रॉप्टोसिसने. एमरिकासनचं काय झालं असावं हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

रंग साधेच चालतील: होएक्स्ट ३३३४२, १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, आणि प्रोपिडियम आयोडाइड तेवढंच, अंधारात दहा मिनिटं. निळे तुकडे तुकडे झालेलं केंद्रक पण लाल नाही, तो ॲपॉप्टोसिस. तुकडे आणि लालही, ते दुय्यम नेक्रोसिस. अखंड फुगलेलं लाल, तो नेक्रोसिस. प्रत्येक विहिरीत तीनशे पेशी मोजा, आणि मोजणाऱ्याला विहीर कोणती ते सांगू नका. ॲनेक्सिन घेतलंत तर बफरमध्ये कॅल्शियम क्लोराइड २.५ मिलिमोलर असायलाच हवं. ईडीटीए असलेल्या ट्रिप्सिनमधून आलेल्या पेशी नीट धुतल्या नाहीत तर ईडीटीए कॅल्शियम पळवतं आणि काहीच चमकत नाही. एमटीटी करून ‘पेशी मेल्या’ असं लिहू देऊ नका, ते चयापचय मोजतं.

ॲक्टिनोमायसिन विषारी आहे, उजेडात खराब होतं. हातमोजे आणि फॉइल.

---

कातळसडा_चिपळूण

तरंगणाऱ्या पेशी फेकू नका, मेलेल्या त्याच असतात. माध्यम आणि धुतलेलं पाणी दोन्ही गोळा करून सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवा. धुवून टाकलंत तर दोन्ही औषधांची विहीर सगळ्यांत निरोगी दिसेल.

---

सुरंगी_रत्नागिरी

हेपजी२ गठ्ठ्यांनी वाढतात, मोजायला त्रास होतो. त्यावर काही?

---

खाडीकाठ

पेशी पसरताना २१ नंबरच्या सुईतून हळू तीन-चार वेळा ओढून घ्या, फेस होऊ न देता. आणि ५० ते ६० टक्के विहीर भरली की प्रयोग लावा. पूर्ण भरल्यावर गठ्ठ्याच्या मधल्या पेशी औषधाशिवायच मरायला लागतात.